बंद ठेवलेली वायर

ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर हे वाचत असाल तर एकदा मान वर करून बघा. फॉल्स सीलिंगला चिकटलेला पांढरा, थाळीएवढा डबा दिसेल. तुमच्या फोनचा बिनतारी संसार तेवढाच, फोनपासून त्या थाळीपर्यंत. तिथून पुढे सगळा वायरचा कारभार. ती वायर सीलिंगच्या पोटातून, भिंतीतून खाली उतरते आणि बहुतेक वेळा लिफ्टशेजारच्या कुलूपबंद खोलीत पोचते. तिथे लोखंडी रॅकमध्ये एकावर एक चपटे डबे रचलेले असतात. प्रत्येकाला २४ किंवा ४८ भोकं, भोकागणिक लुकलुकणारा हिरवा दिवा, आणि पंख्यांची अखंड घरघर. हे स्विच.

गेली चौदा वर्षं या डब्यांची निगा राखणं हा माझा धंदा आहे. 'म्हणजे राउटर बंद करून चालू करतेस ना?' असं नातेवाईक विचारतात आणि मी हो म्हणून टाकते, कारण ते अगदीच खोटं नाही. पण खरं काम असतं ते डब्यातल्या सॉफ्टवेअरशी. घरगुती स्विच काहीशे रुपयांत मिळतो, मोठ्या ऑफिसातला लाखांच्या घरात जातो. भोकं दोघांचीही सारखीच. वरचे पैसे बऱ्याच अंशी आतल्या सॉफ्टवेअरचे. त्याचं माहितीपत्रक उघडलं की फीचर्सची पानंच्या पानं लागतात, नुसती आद्याक्षरांची जंत्री. नवीन मुलं ती परीक्षेसाठी घोकतात. मला ती आवडतात ते वेगळ्या कारणासाठी. जोडण्यासाठी विकत घेतलेल्या या यंत्रातली बरीचशी फीचर्स काहीतरी तोडण्यासाठी, अडवण्यासाठी, बंद ठेवण्यासाठी आहेत. आणि या सगळ्यांची आजी शोभेल अशा एका फीचरचं काम तर फक्त एवढंच, की चांगली धडधाकट वायर बंद करून ठेवायची.

ते का लागलं, हे समजायला इथरनेटपासून सुरुवात करावी लागते. १९७३ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफनं त्याची कल्पना कागदावर मांडली आणि डेव्हिड बॉग्जच्या साथीनं ती उभी केली. एकच जाड केबल, आणि खोल्याखोल्यांतले कम्प्युटर तिलाच टोचलेले. एकानं बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. ज्याच्यासाठी निरोप आहे तो घेतो, बाकीचे सोडून देतात. दोघं एकदम बोलले तर दोघांनीही गप्प व्हायचं आणि थोडं थांबून पुन्हा बोलायचं. चाळीच्या चौकात उभं राहून वरच्या मजल्यावर हाक मारण्यासारखाच प्रकार. हाक चौकापुरतीच ऐकू जाते, तशी इथरनेटलाही हद्द होती. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तिघांनी मिळून जे मानक काढलं त्यात दोन टोकांमधलं कमाल अंतर अडीच किलोमीटर आणि कम्प्युटरांची कमाल संख्या १०२४ होती.

प्रत्येक निरोपावर, म्हणजे पॅकेटवर, कोणाला आणि कोणाकडून एवढं लिहिलेलं असे. पॅकेट किती हातांतून गेलं याची नोंद करायला जागाच नव्हती. केबल एकच, हात कुठले मोजणार? स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत चिठ्ठी पाठवताना आपण पिनकोड लिहित नाही. ही न ठेवलेली जागा पुढे फार महाग पडली.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे 'डेक', ही त्या काळी बलाढ्य कम्प्युटर कंपनी. गिऱ्हाइकांची इथरनेटं एकापेक्षा जास्त झाली आणि ती एकमेकांना जोडून हवी होती. त्यासाठी डेकच्या मार्क केम्फनं ब्रिज काढला. दोन केबलींच्या मधे बसणारा हा डबा दोन्हीकडचं बोलणं ऐकतो, कोण कुठल्या बाजूला राहतं ते आपोआप शिकतो आणि गरजेपुरतेच निरोप पलीकडे पोचवतो. कोणी काही सेटिंग करायचं नाही, कम्प्युटरला तर मधे डबा आहे हे कळतही नाही. फार हुशार गोष्ट होती. अडचण एकच. दोन केबलींच्या मधे असे दोन ब्रिज बसवले तर? आणि लोक बसवणारच, कारण एक बिघडला तर दुसरा हाताशी असावा ही अगदी रास्त अपेक्षा.

मग होतं ते अफवेसारखं. पहिल्या ब्रिजनं निरोप पलीकडे नेला. दुसऱ्यानं तो पलीकडून ऐकला, नवीन समजला आणि अलीकडे आणला. पहिल्यानं तो पुन्हा ऐकला. कोणालाच कळत नाही की ही आपलीच बातमी फिरून आली आहे. त्यात सर्वांसाठी म्हणून पाठवलेला निरोप असेल आणि रस्ते दोनाहून जास्त असतील तर प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती वाढत जातात. काही सेकंदांत केबलवर त्या एका निरोपाशिवाय दुसरं काही उरत नाही. इंटरनेटच्या पॅकेटमध्ये यावर तोडगा आहे. तिथे एक आकडा असतो, प्रत्येक राउटर तो एकनं कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट फेकून देतो. इथरनेटच्या पॅकेटला मात्र मरणच नाही. आणि आता त्यात आकडा घालायचा तर विकलेली सगळी यंत्रं बदलावी लागली असती.

हे काम डेकमध्ये रेडिया पर्लमन यांच्याकडे आलं. त्या राउटिंगच्या, म्हणजे निरोपांना वाट शोधून देण्याच्या शास्त्राच्या तज्ज्ञ. त्यांना ब्रिज हा प्रकारच मनापासून पटत नव्हता. लोकांनी इथरनेटलाच अख्खं नेटवर्क समजून वरची राउटिंगची पायरी गाळली आणि आता ती गाळलेली पायरी भरायला ठिगळ लावायचं, असं त्यांचं मत. ते त्यांनी पुढेही कधी लपवलं नाही. तरी ठिगळ लावायला त्या बसल्या. त्या सांगतात की बॉसनं हे काम दिलं ते एका शुक्रवारी, आणि तो स्वतः पुढचा आठवडाभर रजेवर. वर एक चढाओढीची अट, की नेटवर्क कितीही वाढलं तरी डब्याला लागणारी मेमरी वाढता कामा नये. उत्तर त्यांना त्याच रात्री सापडलं. सोमवार-मंगळवारी त्यांनी ते नीट लिहून काढलं. बॉस परतायला अजून वेळ होता आणि दुसऱ्या कशात मन लागेना, म्हणून उरलेल्या आठवड्यात त्यांनी त्यावर एक कविता केली. १९८५ साली शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा ती कविताही त्यात छापली गेली.

उत्तराचं नाव स्पॅनिंग ट्री. ब्रिजनी आपापसांत बोलून एकाला मूळ म्हणून निवडायचं. मग प्रत्येकानं आपल्यापासून मुळापर्यंतची सर्वांत जवळची वाट शोधायची आणि गोल तयार करणाऱ्या जास्तीच्या वाटा बंद करायच्या. जे उरतं ते झाड. झाडाच्या फांद्या पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत, त्यामुळे गोल गोल फिरायला वावच नाही. बंद केलेली वायर तोडलेली मात्र नसते. मूळ दर दोन सेकंदांनी 'मी आहे' असा निरोप धाडतं आणि तो बंद वायरीवरही ऐकला जातो. वीस सेकंद तो आलाच नाही तर वाट तुटली असं समजायचं, आणखी दोनदा पंधरा सेकंद थांबून कानोसा घ्यायचा आणि मग बंद वायर उघडायची. एकूण पन्नास सेकंद. मधे एकाही माणसाचा हात लागत नाही.

मुळाची निवडणूक हा माझा आवडता भाग. ज्याचा क्रमांक सर्वांत लहान तो निवडून येतो. हा क्रमांक आपण ठरवू शकतो, पण कोणीच ठरवला नाही तर सगळ्यांचा सारखाच असतो, ३२७६८. मग बरोबरी सोडवायला कारखान्यातून मिळालेला पत्ता बघतात, आणि एकाच कंपनीच्या जुन्या यंत्रांचे पत्ते सहसा लहान असतात. परिणामी मधोमध नवा कोरा, महागडा स्विच बसलेला असतो आणि अख्ख्या इमारतीचं मूळ निघतं जिन्याखालचा, धुळीनं माखलेला, कोणाच्याच लक्षात नसलेला डबा. भाऊबंदकीत सगळे गप्प बसले की सर्वांत थोरल्याच्या नावावर सातबारा राहतो, तसं. मी हे इतक्या ठिकाणी पाहिलंय की नव्या जागी गेले की पहिल्यांदा मूळ कोण तेच विचारते.

डेकमध्ये तेव्हा वाद झाला होता. एवढं गुंतागुंतीचं सॉफ्टवेअर घालायचं कशाला, गोल करू नका असं गिऱ्हाइकाला लिहून दिलं की झालं! पर्लमन यांनी आपल्या पुस्तकात पहिल्याच ब्रिजचा किस्सा दिला आहे. गिऱ्हाइकानं तो दोन इथरनेटं जोडायला घेतला आणि त्याची दोन्ही टोकं एकाच इथरनेटला जोडून मोकळा झाला. सॉफ्टवेअरनं ओळखलं की समोर आपणच आहोत आणि एक टोक बंद करून टाकलं. नेटवर्क छान चाललं होतं. वाद तिथेच मिटायला हरकत नव्हती.

एक वायर बंद राहणार याचा त्रास पुढे वेगळ्याच माणसांना झाला, म्हणजे बिल भरणाऱ्यांना. इथे कथेत एक भारतीय नाव येतं. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी सिलिकॉन व्हॅलीत कंपनी काढली आणि तिला भारद्वाजांच्या पत्नीचं नाव दिलं: कल्पना. १९९० च्या सुमारास या कंपनीनं सात पोर्टांचं एक यंत्र बाजारात आणलं. तत्त्वानं तो ब्रिजच, पण खूप वेगवान आणि अनेक तोंडांचा. त्या काळात राउटरची चलती होती आणि ब्रिज म्हणजे मागासलेपण. म्हणून त्यांनी त्याला ब्रिज म्हटलंच नाही. नाव ठेवलं 'इथरस्विच'. आज जगभर या डब्यांना स्विच म्हणतात त्यामागे तंत्रापेक्षा विक्रीची अक्कल जास्त आहे. पर्लमन तर स्विचला ब्रिजच म्हणतात.

कल्पनाच्या लोकांनी बंद वायरीवरही तोड काढली. दोन स्विचमधे दोन वायरी टाकल्या की स्पॅनिंग ट्री त्यातली एक झोपवतं. मग दोन्ही वायरींची मोट बांधून ट्रीसमोर ती एकच वायर म्हणून उभी केली तर? ट्रीला गोल दिसत नाही, वेग दुप्पट होतो, आणि एक तुटली तरी दुसरी असते. याचं नाव इथरचॅनल. १९९४ मध्ये सिस्कोनं कल्पना विकत घेतली, २००० मध्ये या युक्तीचं सर्वांसाठी खुलं मानक झालं आणि ती प्रत्येक मोठ्या स्विचच्या यादीत जाऊन बसली. पन्नास सेकंदांचाही लोकांना कंटाळा आला होता. २००१ मध्ये स्पॅनिंग ट्रीची जलद आवृत्ती आली, ती बहुतेक वेळा सेकंदाभरात वाट बदलते.

यादीतल्या इतर काही ओळींचा जन्म तर औषधाच्या दुष्परिणामावर औषध अशा पद्धतीनं झाला. वायर लावली की जुनं ट्री तीस सेकंद कानोसा घेत बसायचं, तोवर कम्प्युटर चालू होऊन, नेटवर्क नाही म्हणून हिरमुसून बसलेला असायचा. म्हणून पोर्टफास्ट हे फीचर आलं: या भोकात फक्त कम्प्युटर आहे, थांबू नकोस. मग लोकांनी त्याच भोकात स्विच लावले. म्हणून बीपीडीयू गार्ड आलं: या भोकातून दुसऱ्या ब्रिजचा आवाज ऐकू आला तर भोकच बंद कर. व्हीलॅनचीही अशीच गोष्ट आहे. एकाच स्विचवर हिशेब खात्याचं आणि पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं राहावं म्हणून १९९८ च्या मानकात प्रत्येक पॅकेटवर चार बाइटांची चिठ्ठी चिकटवली. खात्याच्या क्रमांकाला त्यात बारा बिट मिळाले, म्हणजे वापरता येतील असे ४०९४ कप्पे. हे कप्पे प्रत्येक स्विचवर हातानं लिहायचा कंटाळा, म्हणून सिस्कोनं व्हीटीपी दिलं, ज्यात ज्या स्विचच्या वहीचा आवृत्ती क्रमांक सर्वांत मोठा, त्याची वही बाकीचे मुकाट उतरवून घेतात. प्रयोगशाळेत महिनोन् महिने खेळवलेला जुना स्विच ऑफिसात आणून लावला, त्याचा समूह तोच असला आणि आवृत्ती मोठी निघाली, की सगळ्या इमारतीचे कप्पे क्षणात पुसले जातात. या फीचरचं नाव काढलं की जुने इंजिनीअर अजूनही कपाळाला हात लावतात.

गोल कसा होतो याचं एक उदाहरण माझ्या पाहण्यातलं आहे. दिवाळीच्या आधीची साफसफाई. एका ऑफिसात मीटिंगच्या टेबलाखाली कोणीतरी स्वस्तातला आठ पोर्टांचा स्विच ठेवला होता. त्याच्यातून निघालेली वायर जमिनीवर लोळत होती. सफाई करणाऱ्यानं ती उचलली आणि जवळच्या मोकळ्या भोकात नीट खोचून ठेवली. लोंबणारी वायर दिसली की ती कुठेतरी खोचावी ही माणसाची जुनीच ओढ, त्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. ते भोक त्याच स्विचचं होतं. स्वस्त स्विचला स्पॅनिंग ट्री माहीत नसतं आणि त्या मजल्यावरच्या मोठ्या स्विचवर गार्ड कोणी लावलेलं नव्हतं. हजेरीचं मशीन, प्रिंटर, फोन, सगळं आडवं. रॅकमधले सगळे हिरवे दिवे एका तालात भराभर लुकलुकायला लागतात, ते दृश्य एकदा बघितलं की विसरत नाही. तीन तास लागले वायर सापडायला.

तिथे लोक चहा प्यायला खाली गेले. पण हेच हॉस्पिटलमध्ये झालं तर काय होतं, हेही नोंदलेलं आहे. बॉस्टनमधलं बेथ इस्राएल डीकनेस हे हार्वर्डशी जोडलेलं मोठं रुग्णालय. रक्ततपासण्यांचे निकाल, औषधांच्या सूचना, एक्स-रे, सगळं तेव्हाच नेटवर्कवर होतं. १३ नोव्हेंबर २००२ ला दुपारी नेटवर्क मंदावलं आणि मग पडलं. एका संशोधकानं प्रचंड मोठा डेटा पाठवायला घेतला होता, त्याचं निमित्त झालं. दोष मात्र खूप जुना होता. दोन रुग्णालयं १९९६ मध्ये एक झाली होती आणि नेटवर्क खोलीला खोली जोडत, स्विचला स्विच जोडत वाढत गेलं होतं. स्पॅनिंग ट्रीची ती वीस आणि पंधरा सेकंदांची गणितं बांधली आहेत ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फार तर सात ब्रिज असतील असं धरून. इथे एक्स-रे आणि स्कॅन साठवणारा भाग मुख्य स्विचपासून दहा पायऱ्या लांब गेला होता.

इथे त्या हुशार योजनेची काळी बाजू दिसते. बंद वायर कान लावून बसलेली असते, आणि 'मी आहे' हा निरोप आला नाही की पलीकडचा गेला असं धरते. पण तो गेलेला नसेल, फक्त गर्दीत त्याचा आवाज पोचत नसेल तर? तर ती वायर उघडते आणि ज्या गोलापासून वाचवायला तिला बंद ठेवलं होतं तो गोल स्वतःच पूर्ण करते. गोलामुळे गर्दी वाढते, आणखी निरोप हरवतात, आणखी वायरी उघडतात.

बेथ इस्राएलमध्ये नेटवर्क उठायचं आणि पुन्हा पडायचं. सिस्कोनं विमानानं माणसं आणि यंत्रं पाठवली. तिथले माहिती विभागाचे प्रमुख जॉन हलमका यांनी नंतर ही सगळी हकिकत उघडपणे जगाला सांगितली. या धंद्यात असं फार कमी जण करतात, म्हणून त्यांचं नाव मी आदरानं घेते. अर्धवट चालणाऱ्या नेटवर्कपेक्षा पूर्ण बंद परवडलं, असं ठरवून रुग्णालय कागदावर गेलं. अर्धवट चालतं तेव्हा डॉक्टरला आपण दिलेली सूचना पोचली की नाही हेच कळत नाही. तपासणीच्या चिठ्ठ्या घेऊन माणसं मजल्यामजल्यांवर धावू लागली. तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी कागदावर औषधं कधी लिहिलीच नव्हती, त्यांना जुन्या लोकांनी शिकवलं. असे चार दिवस गेले. त्यानंतर त्यांनी नेटवर्कचा गाभा नव्यानं बांधला आणि एका इमारतीतलं वादळ दुसरीत जाऊ नये म्हणून मधे राउटिंग घातलं. पर्लमन यांना मुळात जे हवं होतं, तेच.

त्या स्वतः पुढे या प्रश्नाकडे परत आल्या. ब्रिजांनाच राउटिंग शिकवणारं, पॅकेटवर पायऱ्या मोजणारा आकडा घालणारं 'ट्रिल' हे तंत्र त्यांनी मांडलं. २०११ मध्ये त्याचं मानकही आलं. १९७३ साली न ठेवलेली जागा अखेर मिळाली, पण बाजारानं ते फारसं उचललं नाही. मोठी डेटा सेंटरं दुसऱ्या वाटेनं गेली. तिथे स्विचांमधे सरळ राउटिंग असतं आणि त्यावरून व्हीएक्सलॅन नावाच्या पाकिटातून इथरनेट नेतात. कप्पेही ४०९४ वरून एक कोटी सदुसष्ट लाखांवर गेले. सगळ्या वायरी चालू, कुठलीही झोपवलेली नाही. त्या रचनेत स्पॅनिंग ट्रीला काही कामच उरत नाही.

तरी सर्व्हरकडे तोंड असलेल्या भोकांवर ते चालू ठेवायचं आणि वर गार्ड लावायचं, असंच मी नव्या मुलांना सांगते. 'इथे गोल होणं शक्यच नाही, मॅडम,' असं त्यातला एक जण मला आकृती काढून दाखवत होता. आकृती बरोबर होती. मी त्याला रॅकच्या मागच्या बाजूला नेलं आणि जमिनीवर पडलेली, दोन्ही टोकं मोकळी असलेली, कोणाची ते कोणालाच ठाऊक नसलेली वायर दाखवली.